बाबा रिक्षात, आई बाकावर

ताई, नमस्कार.

माझं वय २९. सोलापूर जिल्ह्यात राहते. माहेर सासरपासून चाळीस किलोमीटरवर आहे. माझी आई जन्मापासून कर्णबधिर आहे, शाळेत कधी गेली नाही. बाबांचे दोन्ही पाय लहानपणी पोलिओने गेले. घरात ते हातांवर सरकतात, बाहेर तीनचाकीवर फिरतात. दोघांनी शिलाईकाम करून मला बारावीपर्यंत शिकवलं.

आमचं प्राथमिक आरोग्य केंद्र गावापासून सात किलोमीटरवर आहे. दारात तीन पायऱ्या आहेत. बाजूला रॅम्पही आहे, पण तो इतका उभा आहे की एकदा रिक्षावाले काका बाबांना चढवताना दोघंही घसरले. तेव्हापासून बाबा बाहेर रिक्षातच बसतात. आई त्यांचा केसपेपर घेऊन आत जाते आणि बीपी-शुगरच्या गोळ्या आणते. नाव पुकारलेलं तिला ऐकू येत नाही, त्यामुळे नंबर निघून जातो आणि ती बाकावरच बसून राहते. म्हणून दर महिन्याला मी जाते. सासरी आता कुरकुर सुरू झाली आहे.

मागच्या फेरीला आईच्या कपड्यांवर रक्ताचे डाग दिसले. तिची पाळी जाऊन तीन-चार वर्षं झाली. मी विचारलं तर हात झटकून ‘काही नाही’ म्हणाली. डॉक्टर नवीन आहेत, बोलायला चांगले आहेत. तक्रार केली तर दुखावतील आणि उद्या गोळ्याही नीट देणार नाहीत, अशी भीती वाटते. आई-बाबांना माझ्याकडे आणू, खाजगीत दाखवू, की आहे तसंच चालू देऊ?

— एक लेक, सोलापूर जिल्हा

प्रिय लेकीस,

आधी आईचं बघू. बाकी सगळं त्यानंतर.

पाळी पूर्ण बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, अगदी डागच का असेना, तर ते तपासूनच घ्यायचं असतं. बऱ्याच जणींच्या बाबतीत कारण साधं निघतं. वयाप्रमाणे आतली त्वचा पातळ आणि कोरडी होते, कधी छोटासा मस्सा असतो. पण गर्भाशयाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पहिली खूणही हीच असू शकते, आणि तो लवकर कळला तर उपचार चांगले लागू पडतात. त्यामुळे पुढच्या महिन्याच्या फेरीपर्यंत थांबू नकोस, याच आठवड्यात जा. आरोग्य केंद्रातले डॉक्टर बघून चिठ्ठी देतील. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि सोनोग्राफी यांसाठी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात, नाहीतर सोलापूरला जावं लागेल. रक्त जास्त जात असेल, चक्कर येत असेल तर वाट न बघता १०८ला फोन कर.

आई ‘काही नाही’ म्हणाली ते धरून बसू नकोस, पण तिच्यावर चिडूही नकोस. आयुष्यभर तिला आपलं दुखणं दुसऱ्याच्या तोंडून सांगावं लागलं आहे. आधी घरातल्या मोठ्या बायका, मग नवरा, मग हाताला धरून नेलेली शाळकरी तू. आता अंगावरून जाणं, जळजळ, नेमकं कुठे दुखतं हे सगळं पोटच्या मुलीने भरल्या ओपीडीत, बाकावरच्या चार बायका बघत असताना हातवारे करून डॉक्टरांना दाखवायचं. अशा वेळी कुणीही बाई हात झटकेल. तिला तपासणीची लाज नसेल कदाचित, तुझ्यासमोर बोलण्याची असेल. किंवा खर्चाची धास्ती असेल, किंवा पूर्वी कधी कुणी न सांगता-सवरता तपासलं असेल आणि ते मनात बसलं असेल. ते विचारल्याशिवाय कळणार नाही.

विचारशील तेव्हा घरात बाबा किंवा शेजारपाजारचं कुणी नको. तुम्हा दोघींच्या खुणा तुमच्याच आहेत, बाहेरच्याला त्या पुरत्या कळत नाहीत, हा या वेळी फायदाच आहे. तुझ्या बाळंतपणात किंवा पाळीच्या त्रासात तुला तपासलं असेल तर ते तिला आधी सांग. स्वतःचं सांगितलं की समोरच्या बाईला बोलणं सोपं जातं. मग एक प्रश्न नक्की विचार: आत सोबत कोण हवं? मी, नर्सबाई, गावातली आशाताई, की तुझी बहीण? ती जिचं नाव घेईल ती आत जाईल. तुझं नाव घेतलं नाही तर मनाला लावून घेऊ नकोस. मुलगी सोबत असणं आणि मुलीसमोर कपडे उतरवून आजाराबद्दल बोलणं यांत फार अंतर आहे.

तू आत असलीस तर एक पथ्य पाळ. डॉक्टर तुझ्याकडे बघून बोलायला लागतील. सगळेच तसं करतात, वाईट हेतू नसतो. ‘यांना कधीपासून त्रास आहे?’ असं तुला विचारतील आणि तू पटकन उत्तर देऊन मोकळी होशील, कारण तुला उत्तर माहीत असतं. तसं करू नकोस. प्रत्येक प्रश्न आईपर्यंत जाऊ दे, तिचं उत्तर येऊ दे, ते जसंच्या तसं डॉक्टरांना सांग. तिने दहा हातवारे केले आणि तू ‘पोटात दुखतं म्हणे’ एवढंच सांगितलंस, तर मधली नऊ दुखणी तुझ्यापाशीच राहिली. डॉक्टरांनाही आधीच नम्रपणे सांग, ‘सर, तुम्ही आईकडे बघून बोला, मी खुणेने सांगते. बोलताना मास्क खाली घेता आला तर बरं, ती चेहरा वाचते.’ आईने ओठ वाचायचं रीतसर शिक्षण घेतलेलं नाही, पण अशी माणसं डोळे, भुवया, ओठ यांवरून केवढंतरी ओळखतात. मास्क लावलेला डॉक्टर खाली मान घालून केसपेपरवर लिहीत बोलत राहिला, तर तिच्यासाठी तो बोललाच नाही.

आतल्या तपासणीबद्दल थोडं बारकाईने लिहिते, कारण याचा विचार फारसा कुणी करत नाही. ऐकू येणाऱ्या बाईला डॉक्टर तपासताना सांगत राहतात: आता हात लावतेय, आता थोडं दुखेल, झालंच. तुझी आई टेबलावर आडवी पडली की तिला डॉक्टरांचा चेहराही दिसणार नाही. पुढे काय होणार हे तिला कुठूनच कळणार नाही. म्हणून टेबलावर जाण्याआधी, कपडे अंगावर असताना, सगळं दाखवून घ्यायचं. कोणतं उपकरण आहे ते हातात देऊन दाखवायचं, कुठे आणि किती वेळ ते बोट लावून दाखवायचं. एक खूण ठरवायची: आईने हात वर केला की डॉक्टरांनी थांबायचं. तिच्या डोक्याशी, तिला दिसेल असं, तिने निवडलेलं माणूस उभं राहील आणि पुढची गोष्ट खुणेने सांगेल. पुरुष डॉक्टर असतील तर तपासताना खोलीत बाई असायलाच हवी. ती मागणी रुग्णाच्या हक्कातली आहे, ती करताना संकोच नको.

कुणी सांगेल, सांकेतिक भाषेचा दुभाषी बोलवा. शहरात शिकलेल्या कर्णबधिर माणसांसाठी ते बरोबर आहे, आणि ती सोय दवाखान्यांत असायलाच हवी. पण तुझी आई शाळेत गेली नाही, तिला भारतीय सांकेतिक भाषा येत नसणार. तिच्या खुणा घरात तयार झालेल्या आहेत. तिचं लिहिणं-वाचणंही नाही, म्हणून कागदावर लिहून दाखवण्याचाही उपयोग नाही. तिच्यासाठी चित्रं, प्रत्यक्ष करून दाखवणं आणि तिच्या खुणा कळणारं माणूस, एवढंच कामाचं. ते माणूस दरवेळी तूच असायला पाहिजे असं नाही, आणि तू असलीस तरी दरवेळी चाळीस किलोमीटर यायला पाहिजे असंही नाही. साध्या फेरीला तू व्हिडिओ कॉलवर असलीस तरी भागेल. आशाताईंना आईच्या वीस-पंचवीस खुणा शिकव. दुखणं, ताप, चक्कर, उलटी, लघवीची जळजळ, सकाळ, रात्र, जेवणाआधी, जेवणानंतर. एका दुपारचं काम आहे. आशाताई त्याच गावच्या असतात, आईला ओळखत असतील, त्यातल्या निम्म्या खुणा त्यांना येतही असतील.

आता बाबा.

तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त मला तेच बोचलं. केसपेपर आत जातो, गोळ्या बाहेर येतात आणि ज्याला आजार आहे तो माणूस रिक्षात बसून राहतो. बीपी आणि शुगर या आजारांत गोळ्या नुसत्या पुढे चालू ठेवून चालत नाही. बीपी मोजून गोळी कमी-जास्त करावी लागते. शुगर तपासावी लागते, वर्षातून एकदा तरी किडनीसाठी लघवीची आणि रक्ताची तपासणी, डोळ्यांचा पडदा आणि पायांची पाहणी व्हावी लागते. पोलिओने पायातली शक्ती जाते, स्पर्श कळत राहतो. पण शुगर वाढलेली राहिली तर तो स्पर्शही हळूहळू कमी होतो. घरात सरकत जाणाऱ्या माणसाच्या घोट्याला, मांडीला खरचटलं आणि ते कळलंच नाही, तर जखम चिघळायला वेळ लागत नाही. आज माहेरी फोन करून बाबांना विचार: शेवटचं बीपी कुणी आणि कधी मोजलं? उत्तर ‘आठवत नाही’ असं आलं, तर दवाखाना सुरू असूनही बाबांवर उपचार सुरू नाहीत, असं समज.

यातलं काही अगदी सोपं आहे. बीपीचा पट्टा रिक्षात बसलेल्या माणसाच्या दंडालाही बांधता येतो. ग्लुकोमीटरने बोटाला टोचून शुगर जागेवर कळते. नर्सबाईंनी दहा पावलं बाहेर यायचं आहे. पहिल्या दिवसापासून एवढी सवलत मागून घे. पण त्यावर समाधान मानू नकोस, कारण रिक्षात छाती तपासता येत नाही, पाय उघडून बघता येत नाहीत, आणि रस्त्यावर चार लोकांत कुणी आपलं दुखणं मोकळेपणी सांगत नाही.

दर महिन्याला सात किलोमीटर जायची गरज आहे का, तेही बघ. उपकेंद्रात आता समुदाय आरोग्य अधिकारी असतात. बीपी-शुगर मोजणं, आधीच ठरलेल्या गोळ्या देणं आणि ई-संजीवनी या सरकारी व्हिडिओ सेवेवरून डॉक्टरांशी बोलणं करून देणं ही त्यांची कामं आहेत. उपकेंद्र गावात किंवा जवळच्या गावात असेल. महिन्याची फेरी तिथे आणि तीन-चार महिन्यांतून एकदा आरोग्य केंद्रात पूर्ण तपासणी, असं बसवता आलं तर रिक्षाचे पैसे वाचतील. आईच्या बाबतीत मात्र ई-संजीवनी तितकी उपयोगाची नाही. छोट्या पडद्यावर अनोळखी डॉक्टर आणि मध्ये खुणा कळणारं कुणी नाही, असं झालं तर ती आणखीच बावरेल.

रॅम्पचं काय करायचं ते सांगते. पुढच्या फेरीला शिलाईची टेप सोबत घे. सरकारी मानकाप्रमाणे रॅम्पचा चढ एकास बारा असावा लागतो, म्हणजे एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी. तीन पायऱ्या सहा-सहा इंचांच्या धरल्या तर उंची दीड फूट, आणि रॅम्प हवा अठरा फूट. बहुतेक ठिकाणी जागा वाचवायला पाच-सहा फुटांत उरकतात. तो एकास चारचा चढ झाला. त्यावरून व्हीलचेअर चढवणारा धडधाकट माणूसही मागे येतो. रिक्षावाले काका घसरले त्यात त्यांची चूक नव्हती. उंची आणि लांबी मोज. दोन्ही बाजूंना कठडा आहे का बघ. वरच्या टोकाला चाक थांबेल एवढी सपाट जागा आहे का, पायथ्याशी मोटारसायकली लावतात का, दारातून व्हीलचेअर जाते का, शौचालयाला उंबरा आहे का, तेही बघ. सगळ्याचे फोटो काढ. ‘रॅम्प नीट नाही’ या वाक्यावर अधिकारी मान हलवतात आणि विसरतात. ‘उंची अठरा इंच, लांबी सहा फूट, कठडा नाही’ असं लिहिलेलं असलं की त्यावर काहीतरी लिहून द्यावं लागतं.

हे मागताना तू कुणाकडे मेहेरबानी मागत नाहीस. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम २५ सरकारी आणि खाजगी रुग्णालयं आणि सगळ्या आरोग्य केंद्रांच्या प्रत्येक भागात अडथळ्याविना प्रवेश सांगतं, शिवाय तपासणीत आणि उपचारांत प्राधान्य सांगतं. म्हणजे आईचा नंबर निघून जाऊन ती शेवटी राहणं तर बाजूलाच, तिला आणि बाबांना रांगेत पुढे घ्यायला हवं. कलम ४५ने जुन्या सरकारी इमारती सुगम करायला नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली, आणि आधी कोणत्या इमारती घ्यायच्या याच्या उदाहरणांत प्राथमिक आरोग्य केंद्रांचं नाव स्पष्ट लिहिलं. नियम जून २०१७ मध्ये आले, मुदत २०२२ मध्ये संपली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सुगम्यतेची मानकं नुसत्या शिफारशी म्हणून ठेवून चालणार नाही, बंधनकारक नियम करा. कायद्यात संवादाची जी व्याख्या आहे तिच्यात खुणाही येतात. त्यामुळे आईशी खुणेने, चित्राने बोलणं हेही दवाखान्याच्या कामातच मोडतं.

डॉक्टर दुखावतील या भीतीबद्दल. चांगल्या डॉक्टरांना मदत होईल असंच हे पत्र लिहिता येतं. रॅम्प त्यांनी बांधलेला नाही. तो बदलायला त्यांना वरून पैसे मागावे लागतील, आणि त्यासाठी त्यांच्या हातात रुग्णाचा लेखी अर्ज असला तर त्यांचंच काम सोपं होतं. दुसरं म्हणजे आरोग्य केंद्रातले डॉक्टर बदलत राहतात. आजच्या डॉक्टरांनी चांगुलपणाने बाहेर येऊन बीपी मोजलं, उद्या त्यांची बदली झाली की बाबा पुन्हा रिक्षात. कागदावर आलेली सोय मागे राहते. म्हणून तोंडी बोलून झाल्यावर अर्ज दे. बाजाराचा दिवस आणि महिन्याची ९ तारीख टाळ, त्या दिवशी गरोदर बायकांची तपासणी असते आणि डॉक्टरांना मान वर करायला वेळ नसतो. दुपारची ओपीडी शांत असते.

अर्ज साधा असू दे. असा:

‘प्रति, वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र (गावाचं नाव).

विषय: दिव्यांग रुग्णांना तपासणीसाठी सोय मिळण्याबाबत.

माझे वडील दोन्ही पायांनी दिव्यांग असून त्यांना बीपी व शुगरचा आजार आहे. आई जन्मापासून कर्णबधिर आहे. प्रवेशद्वारी तीन पायऱ्या असून रॅम्पची उंची व लांबी पुढीलप्रमाणे आहे (मापं व फोटो जोडले आहेत). त्यामुळे वडिलांची तपासणी आतमध्ये होऊ शकत नाही. नाव पुकारलेले ऐकू न आल्याने आईचा क्रमांक निघून जातो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम २५ नुसार विनंती की, (१) रॅम्प मानकाप्रमाणे होईपर्यंत वडिलांना तळमजल्यावरील पायरी नसलेल्या जागेत, किंवा तशी जागा नसल्यास वाहनाजवळ तपासावे. (२) केंद्रात एक व्हीलचेअर प्रवेशद्वारी ठेवावी. (३) आईला प्राधान्याने बोलवावे व तिचा क्रमांक आल्यावर कर्मचाऱ्याने जवळ येऊन खूण करावी. (४) औषधे देताना चित्राने समजावून द्यावी. (५) रॅम्प, कठडा व शौचालयाच्या दुरुस्तीचा विषय रुग्ण कल्याण समितीपुढे ठेवावा.’

दोन प्रती कर. एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायचा. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले तरी पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. अर्जावर गावातल्या आणखी चार घरांच्या सह्या घेता आल्या तर घे. गुडघे गेलेल्या आजी, अर्धांगाचा झटका आलेला एखादा काका, शेवटच्या महिन्यातली गरोदर बाई, या सगळ्यांना तो रॅम्प लागतो.

रुग्ण कल्याण समितीकडे छोट्या दुरुस्तीसाठी निधी येतो. कठडा, व्हीलचेअर, दारातला उंबरा काढणं एवढं त्यातून होऊ शकतं. अठरा फुटी रॅम्पला जिल्हा परिषदेकडे जावं लागेल, कारण प्राथमिक आरोग्य केंद्रं तिच्याकडे असतात. महिनाभरात काही हललं नाही तर अर्जाची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, मग जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना पाठव. आपले सरकार पोर्टलवरही तक्रार टाकता येते. तिथेही अडलं तर पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्त आहेत. शिवाय ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते या वर्षी कशावर खर्च झाले, हे बाबांनी स्वतः ग्रामसभेत विचारावं. तुझ्यापेक्षा त्यांनी विचारलेलं जास्त लागेल. दोघांची यूडीआयडी कार्डं, म्हणजे दिव्यांगांची सरकारी ओळखपत्रं, काढलेली नसतील तर तेवढं आधी करून घे, पुढे प्रत्येक कागदाला ती मागतात. कार्ड नाही म्हणून तपासणी अडवणं मात्र चालणार नाही.

रुग्णांना विचारून दवाखाना उभा केला तर काय होतं याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने आदिवासींना विचारलं की दवाखाना कसा हवा. त्यांनी सांगितल्याप्रमाणे शोधग्रामचा दवाखाना त्यांच्या वस्तीसारखा, झोपड्यांचा बांधला. नातेवाइकांना रुग्णाजवळ राहता येईल अशी रचना ठेवली, नावही त्यांच्या देवीचं दिलं, माँ दंतेश्वरी. माडिया किंवा कोरकू अशी आदिवासी भाषा बोलणाऱ्या बाईलाही मराठी बोलणाऱ्या डॉक्टरांसमोर तुझ्या आईसारखंच गप्प बसावं लागतं. तुझ्या आई-बाबांना आजवर कुणीही विचारलेलं नाही की तुम्हाला काय केलं म्हणजे इथे येणं सोपं जाईल. अर्ज लिहायच्या आधी तू विचार. बाबांच्या यादीत तुला न सुचलेलं काहीतरी असेलच. वजनकाट्यावर उभं राहता येत नाही, तपासायचं टेबल उंच आहे, किंवा चार तास लघवी अडवून बसावं लागतं म्हणून ते निघायच्या आदल्या रात्रीपासून पाणीच पीत नाहीत.

घरचं एक काम. आईकडे गोळ्यांच्या पुड्या येतात त्यांवर तूच चित्र काढ. सकाळच्या पुडीवर सूर्य, रात्रीच्यावर चंद्र, जेवणानंतरच्या गोळीला ताट, आणि किती गोळ्या तेवढी टिंबं. बाबांच्या आणि आईच्या पुड्यांना वेगवेगळ्या रंगाचा धागा बांध, शिलाईच्या घरात धाग्यांना तोटा नाही. आईला सांगून झालं की तिच्याकडून करून घे: उद्या सकाळी काय घेशील, दाखव. तिने मान हलवली म्हणजे कळलं असं धरू नकोस. ऐकू न येणारी माणसं पुष्कळदा समोरच्याला त्रास नको म्हणून मान हलवतात. औषधाच्या खिडकीवरही तसंच करायला सांग. आईच्या केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईने ‘ऐकू येत नाही, जवळ येऊन खूण करा’ असं डॉक्टरांकडूनच लिहून घे, म्हणजे नवीन सिस्टर आल्या तरी त्यांना कळेल. बाबांच्या पेपरवर ‘प्रत्यक्ष तपासल्याशिवाय गोळ्या पुढे देऊ नयेत’ हेही लिहून घे. याने थोडा त्रास वाढेल, कारण आता कागद पाठवून काम भागणार नाही. तो त्रास घ्यायला हवा.

त्यांना तुझ्याकडे आणायचं का? मला नको वाटतं, निदान या कारणासाठी तरी नको. त्यांचं शिलाईचं काम, गिऱ्हाईक, आईच्या खुणा कळणारे शेजारी, बाबांचा तीनचाकीचा ओळखीचा रस्ता हे सगळं तिथे आहे. तुझ्या गावच्या दवाखान्यालाही पायऱ्या असतीलच. खाजगीत दाखवायचं तर जरूर दाखव, आईच्या तपासणीला सरकारीत उशीर होत असेल तर आधी खाजगीत जा. पण पहिल्या मजल्यावरच्या दवाखान्याला लिफ्ट नसते आणि कलम २५ त्यांनाही लागू आहे, हे लक्षात असू दे. महिन्याच्या गोळ्यांसाठी कायमचा खाजगी खर्च शिलाईच्या पैशांत झेपणार नाही, मग गोळ्याच बंद पडतात.

सासरच्यांना हे पत्र दाखवायला हरकत नाही. आशाताई, व्हिडिओ कॉल आणि उपकेंद्र एवढं बसलं की तुझ्या फेऱ्या कमी होतील, हे त्यांना आधीच सांग. आणि या महिन्यात मात्र तुला जास्त दिवस लागतील, तेही सांग. आईच्या तपासणीला बाकी कुणाला पाठवून भागणार नाही, तिने दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं तरी तू बाहेरच्या बाकावर असायला हवंस.

रिपोर्ट आले की कळव. अर्जाची पोच नाकारली तर ज्या दिवशी नाकारली ती तारीख आणि नाकारणाऱ्याचं पद लिहून ठेव आणि मला पाठव. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र आपण मिळून लिहू.

तुझी,
ताई